गावंडे बाबूंचं लिव्हर

सौंसरच्या शाळेत मी रुजू झालो त्या दिवशी अर्जावर सही करताना मला शिंक आली. एकच. समोर हेडक्लार्कच्या खुर्चीत बसलेल्या गृहस्थांनी माझा अर्ज बाजूला सारला, चष्म्याच्या वरून माझ्याकडं पाहिलं आणि टेबलाचा खालचा खण ओढला. मला वाटलं, शिक्का काढत असतील. निघाला तो स्टीलचा गोल डबा. तिखट, हळद, जिरं ठेवायला असतो तसला, आत सात वाट्यांचा. वाट्यांमध्ये मात्र गोळ्या होत्या. पांढऱ्या, पिवळ्या, गुलाबी, विटकरी, हिरव्या कॅप्सूल, आणि मधल्या वाटीत हिंगाच्या वासाच्या काळपट गोळ्या.

"पिवळी घ्या," ते म्हणाले. "एक आता, एक संध्याकाळी."

"नुसती शिंक आहे, साहेब. धुळीची असेल."

"पहिली शिंक धुळीचीच असते जी. दुसरी आपली असते."

मी गोळी घेतली. नोकरीचा पहिला दिवस होता, आणि समोरच्या माणसाच्या हातात माझा अर्ज होता.

हे गावंडे बाबू. आमच्या मध्य प्रदेशात हेडक्लार्कला बडे बाबू म्हणतात, पण यांना सगळं सौंसर गावंडे बाबूच म्हणायचं. उंच, वाळके, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट, भर मे महिन्यातसुद्धा बाह्या मनगटापर्यंत. शाळेतल्या प्रत्येकाची जन्मतारीख, रुजू झाल्याची तारीख आणि पुढची वेतनवाढ त्यांना तोंडपाठ होती. प्राचार्य रजेचा अर्ज लिहायचे तो आधी गावंडे बाबूंना विचारून. "नियम काय म्हणते?" हे त्यांचं वाक्य दिवसातून वीस वेळा कानावर पडायचं.

नियम फक्त सरकारचे नव्हते, शरीराचेही होते. "आजार अचानक येत नाही," ते सांगायचे, "तो आधी अर्ज देते. शिंक देते, जांभई देते, अंग मोडून येते. तो अर्ज जागच्या जागी नामंजूर कराचा. मंग डाक्टरकडं जाचं कामच पडत नाही." डॉक्टरांवर त्यांचा राग नव्हता. डॉक्टर पाच गोळ्या लिहून देतो आणि त्यातल्या चार आपल्याजवळ असतातच, तर पाचवीसाठी दोन तास कशाला बसायचं, एवढाच त्यांचा मुद्दा होता.

दर रविवारी सकाळी ते अंगणात खाट टाकून मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या सोलत बसायचे. मी शेजारीच भाड्यानं राहायचो, म्हणून दर वेळी दिसायचं. पाकिटातून एकेक गोळी काढायची, रंगाप्रमाणं वाटीत टाकायची आणि रिकामी पाकिटं चुलीत. मी एकदा विचारलं, "बाबूजी, नाव तरी लिहून ठेवा."

"नाव कायले पाह्यजे? तुमच्या घरी हळदीवर नाव लिहून आहे काय?"

"पण पाकिटात राहिल्या तर काय बिघडतं?"

"त्या चकाकत्या कागदात गोळी गुदमरते जी. केमिस्ट्री शिकवता अन् हे माहीत नाही?"

हो, मी रसायनशास्त्र शिकवायचो. हे इथंच सांगून टाकतो, कारण पुढं मला त्याची लाज वाटणार आहे.

त्यांच्या घरी दोनच माणसं. मुलगी सुमन भोपाळला नोकरीला. पत्नी शकुंतला वहिनी, बुटक्या, कमी बोलणाऱ्या. कमी बोलण्याचं कारण एक महिना शेजारी राहिल्यावर मला कळलं. त्या काहीही म्हणाल्या तरी गावंडे बाबूंचं उत्तर "तसं नाही"नं सुरू व्हायचं. "आज ऊन फार आहे." "तसं नाही, हवा बंद आहे." "भाजीत मीठ कमी पडलं वाटते." "तसं नाही, वांगंच पाणचट आहे." लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि वहिनींच्या कुठल्याच वाक्याला या माणसानं एकदाही "बरं" म्हटलं नव्हतं. वहिनी हे तक्रार म्हणून सांगत नसत. आमच्याकडं नळाला सकाळीच पाणी येतं, अशा सुरात सांगायच्या.

माणूस मात्र मायेचा. पहिल्याच पावसाळ्यात मला तापानं आडवं केलं तेव्हा तीन दिवस ते दोन्ही वेळा आले. कपाळावर पट्ट्या ठेवल्या, वहिनींच्या हातचा मऊ भात भरवला, माझ्या आईला फोन करून "काही काळजी करू नका, मी बसून आहो इथं" म्हणाले. आणि अर्थात पांढरी, गुलाबी, पांढरी, गुलाबी. मी बरा झालो. ताप तीन दिवसांचाच होता, हे मला नंतर कळलं. त्यांना कधीच कळलं नाही.

पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला तसे आमच्याकडं तपासणीला येणारे अधिकारी वाढले. पूर्वी छिंदवाड्याहून कोणी वर्षा-दोन वर्षांतून यायचं, आता पांढुर्ण्याहून चहा पिऊन निघालं की चहा पचायच्या आत सौंसर. असेच एक अधिकारी आले. स्वभाव कडक, पण नाक गळत होतं. हजेरीपट उघडायचे आणि शिंकायचे. आमच्या हजेरीपटात दाखवण्यासारखं फारसं नव्हतं, प्राचार्य सारखे चहा मागवत होते. गावंडे बाबू डबा घेऊन पुढं झाले. "साहेब, विटकरी घ्या. दोन घ्या. तुमचं नाक मोठ्या हुद्द्याचं आहे."

साहेबांनी घेतल्या. विसाव्या मिनिटाला ते प्राचार्यांच्या खुर्चीत मान मागं टाकून, तोंड उघडं ठेवून झोपले. आम्ही पंखा हळू केला, घंटा वाजवायची नाही असं ठरलं, आठशे मुलं तास संपल्यावर पावलं न वाजवता वर्ग बदलत होती. चार वाजता साहेब उठले, घड्याळ पाहिलं, घाईघाईनं शेरेबुक मागवलं आणि लिहिलं: "शाळेत शांतता व शिस्त उत्तम." त्या शेऱ्यानंतर गावंडे बाबूंच्या डब्याला कोणी हसेनासं झालं. लांबलांबच्या शाळांतले शिक्षक पगारपत्रकाच्या निमित्तानं येऊन गुडघे दाखवून जायला लागले.

गुडघ्यांवरूनच पुढचं सगळं झालं. आठवडी बाजारात एक जडीबुटीवाला तंबू टाकून बसायचा. काचेच्या बरण्या, वाळलेली मुळं, आणि फलकावर मोठ्या अक्षरांत 'केमिकल शून्य'. गावंडे बाबूंचा उजवा गुडघा वर्षभर धरला होता. त्यांनी तिथून एक करडी पावडर आणली. तिसऱ्या दिवशी मी पाहिलं तर ते शाळेच्या गच्चीवर, टाकीच्या शिडीच्या चौथ्या पायरीवर उभे.

"पाहा सर! झाडपाला! फक्त झाडपाला!"

"बाबूजी, दोन दिवसांत इतका आराम म्हणजे जरा विचित्र नाही का? आणि धोतराही झाडच आहे."

"तुमी केमिस्ट्रीवाले लोकं झाडावरही संशय घेता," ते वरून म्हणाले आणि पाचव्या पायरीवर चढले.

पुढच्या बाजाराला त्यांनी पावडरीचा अख्खा डबा आणला, घरी बसून अकरा डब्या भरल्या आणि वाटल्या. चित्रकलेचे निवृत्त बोबडे सर, शाळेचा शिपाई दशरथ, रामाकोना गावची त्यांची दूरची अंजना मावशी आणि असेच आठ जण. मलाही देत होते. मी "माझे गुडघे नवे आहेत" म्हणून सुटलो.

दिवाळीनंतर बोर्डाच्या फॉर्मांची गर्दी होती आणि नेमका तेव्हाच गावंडे बाबूंना ताप भरला. रजा घेणं त्यांच्या नियमात नव्हतं. तापासाठी पांढरी दर चार तासांनी. अंगदुखीसाठी गुलाबी. सर्दीसाठी पिवळी. गुडघ्याची पावडर सकाळ-संध्याकाळ. शिवाय कोणीतरी सांगितल्यावरून गुळवेलीचा काढा, तांब्याभर. असं आठवडाभर चाललं. ताप गेला, पण जेवण जाईना. वहिनींनी पाटवडीचा रस्सा केला, ज्याच्यासाठी हा माणूस चार भाकरी जास्त खायचा, तर वासानंच उठून मोरीकडं गेले. मळमळीवर मधल्या वाटीतल्या काळ्या गोळ्या सुरू झाल्या.

मग एके दिवशी फॉर्म द्यायला आलेली बारावीतली एक मुलगी म्हणाली, "बाबूजी, तुमचे डोळे पिवळे दिसून राहिले."

"ट्यूबलाईट खराब आहे," बाबू म्हणाले.

दुपारी दशरथ तेच म्हणाला. मग मी म्हणालो. बाबूंनी रीतसर टिपण लिहिलं: कार्यालयातील ट्यूबलाईट पिवळसर प्रकाश देत असल्याने कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांबाबत गैरसमज पसरत आहे, तरी तातडीने बदलण्यात यावी. प्राचार्यांनी मंजुरी दिली, दशरथनं नवी ट्यूब लावली, झगझगीत पांढरी. तिच्या उजेडात गावंडे बाबूंचे डोळे झेंडूच्या फुलासारखे दिसायला लागले. बाबूंनी खिशातला छोटा आरसा काढला, पाहिला, परत ठेवला आणि हळूच म्हणाले, "नवी ट्यूबही डुप्लिकेटच निघाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी रामाकोन्याहून त्यांचा धाकटा भाऊ आला. त्यानं सोबत कावीळ उतरवणारा एक माणूस आणला होता, पितळेची परात आणि चुन्याचं पाणी घेऊन. बाबू ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते, हात पुढं करायची ताकद नव्हती. परात पुढं सरकली तेव्हा वहिनी स्वैपाकघरातून बाहेर आल्या.

"भाऊजी, आधी नागपूर. मंग तुमाले जे उतरवाचं ते उतरवा."

"तसं नाही..." बाबूंनी सुरुवात केली, पण वाक्य पुरं झालं नाही. वहिनींनी मला गाडी बोलवायला सांगितली आणि आत जाऊन एक कापडी पिशवी भरून आणली. काय भरलं, ते मी विचारलं नाही.

नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई होत्या, सुमनपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी डोळे पाहिले, पोट दाबून पाहिलं, रक्त घ्यायला लावलं आणि विचारलं, "औषधं काय काय चालू आहेत?"

"विशेष काही नाही," बाबू म्हणाले.

वहिनींनी पिशवी पलंगावर उलटी केली. डबा, करड्या पावडरीची बरणी, काढ्याची बाटली, वाळकी मुळं, एक चूर्ण, दोन तेलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं आणखी काहीतरी, जे वहिनींनाही ओळखता आलं नाही. डॉक्टरबाईंनी डबा उघडला आणि एकेका वाटीत बोट फिरवून पाहिलं.

"यांची नावं?"

"ही पांढरी," बाबूंनी बोट दाखवलं, "ही पिवळी, ही गुलाबी."

डॉक्टरबाई चिडल्या नाहीत. गोळ्यांचे फोटो काढले, वहिनींकडून आमच्या मेडिकलवाल्याचा नंबर घेतला, त्याला फोटो पाठवले आणि त्याचा फोन आल्यावर एका कागदावर तीन ओळी लिहिल्या. मी मान वाकवून वाचलं. पांढरी, पॅरासिटामॉल. पिवळी, पॅरासिटामॉल आणि सर्दीचं काहीतरी. गुलाबी, पॅरासिटामॉल आणि अंगदुखीचं काहीतरी.

"बाबूजी, तुम्ही तीन औषधं घेत नव्हता. एकच औषध तीन रंगांत घेत होता."

"तसं नाही मॅडम. गुलाबी अंगदुखीची आहे."

"हो. आणि तिच्यातही तेच आहे. दिवसाला सगळ्या मिळून किती व्हायच्या?"

बाबूंनी बोटांवर मोजलं. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्याची संपली, तेव्हा डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. मी खिडकीबाहेर पाहायला लागलो. तीन वर्षं हा डबा माझ्यासमोर उघडत होता आणि मी मुलांना फळ्यावर रेणूंची सूत्रं शिकवत होतो.

"अन् पावडर?" बाबूंनी विचारलं. "ते तं झाडपाला आहे."

"तिच्यात काय आहे ते मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. दोन दिवसांत गुडघा मोकळा झाला म्हणता, म्हणजे बहुतेक झाडपाल्यात कोणीतरी दुसरं औषध मिसळलं आहे. काही वेळा नुसता झाडपालाही लिव्हरला पुरे होतो. तुम्ही तर सगळंच एकदम घेतलं."

बाबूंनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला. मग म्हणाले, "मॅडम, हे लिव्हर नेमकं करते काय?"

डॉक्टरबाईंनी केसपेपरवर त्यांचा हुद्दा वाचला होता. त्या म्हणाल्या, "तुम्ही जे काही तोंडात टाकता ना, त्याची फाईल आधी याच्या टेबलावर जाते. हा तपासतो, निकाली काढतो, मग पुढं."

"सगळ्याची? एकाच टेबलावर?"

"सगळ्याची."

"अन् सुट्टी?"

"नाही."

"असिस्टंट?"

"कोणीच नाही."

गावंडे बाबूंनी डोळे मिटून घेतले. "मंग बरोबर आहे," ते म्हणाले. "मी असतो तं पहिल्याच आठवड्यात राजीनामा देल्ला असता."

बाहेर आल्यावर डॉक्टरबाई वहिनींशी आणि माझ्याशी वेगळ्या सुरात बोलल्या. लिव्हर फार दुखावलं होतं, रक्त गोठायला लागणारा वेळ वाढला होता. सलाईनमधून एक औषध सुरू केलं होतं, पुढचे तीन-चार दिवस महत्त्वाचे होते. "लक्ष ठेवा. दिवसा झोपायला लागले, किंवा काहीतरी असंबद्ध बोलायला लागले, तर ताबडतोब मला सांगा."

वहिनी काकुळतीला येऊन म्हणाल्या, "मॅडम, असंबद्ध कसं ओळखू? ते तं लग्नापासून..."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. मीही नाही. वहिनींनी खरंच विचारलं होतं.

तीन दिवस आम्ही पाळीपाळीनं बसलो. बाबू सलाईनच्या बाटलीचं लेबल वाचायचे, नर्सला तिच्या रजेचे नियम समजावून सांगायचे, आणि वहिनी काही बोलल्या की "तसं नाही". तिसऱ्या दिवशी दुपारी मी जेवून वॉर्डाकडं येत होतो, तर वहिनी बाहेर धावत आलेल्या दिसल्या, चेहरा पांढराफटक.

"सिस्टर! मॅडमले बोलवा! हे 'बरं' म्हणून राहिले!"

नर्स म्हणाली, "काकू, बरं म्हणतात म्हणजे बरंच आहे ना."

"नाही वं बाई! मी म्हणलं पाणी घ्या, तं बरं. म्हणलं कुशीवर व्हा, तं बरं. म्हणलं सुमीले भोपाळहून बोलावते, तरी बरं! तीस वर्षांत हा माणूस मले कधी बरं म्हणला नाही!"

मला हसू फुटलं आणि त्याच क्षणी डॉक्टरबाईंचं बोलणं आठवलं. आत गेलो. बाबू छताकडं पाहत होते. डॉक्टरबाई धावत आल्या, विचारलं आज वार कोणता. "सोमवार," ते म्हणाले. गुरुवार होता. मी जवळ जाऊन विचारलं, "बाबूजी, माझी रुजू झाल्याची तारीख?" ही तारीख त्यांनी मला एका लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकवली होती. त्यांनी माझ्याकडं नीट, नम्रपणे पाहिलं.

"आपण कोण जी?"

त्यांना आयसीयूत हलवलं. सुमन संध्याकाळच्या आत आली. डॉक्टरबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं, की लिव्हरनं उभारी धरली नाही तर दुसरं लिव्हर बसवण्याचा विचार करावा लागेल, जवळच्या नातेवाइकाच्या लिव्हरचा तुकडाही चालतो. सुमननं पर्स खाली ठेवली आणि बाही वर केली. "माझं रक्त आताच घ्या." वहिनी पुढं झाल्या, "माझं घ्या, ती लेकरू आहे." दोघींची तिथं कॉरिडॉरमध्ये चांगलीच जुंपली, आणि भांडणारा तिसरा माणूस काचेच्या पलीकडं नळ्या लावून निपचित पडला होता. बाबूंचा आवाज नसलेलं ते भांडण मला फार अपुरं वाटलं.

दोन दिवस रक्ताचे आकडे जागचे हलले नाहीत. मग थोडे हलले. त्या दिवशी डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा खुर्चीत बसून चहा घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींना आत सोडलं. मी काचेला नाक लावून उभा होतो, दार अर्धं उघडं होतं. वहिनींनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. "आज तुमचा चेहरा उजळला दिसते."

बाबूंनी ओठ हलवले. एकदा, दोनदा. मग खरखरीत आवाज आला, "तसं नाही. खिडकी उघडी आहे."

वहिनी पलंगाच्या दांडीला धरून रडल्या. इतक्या मोठ्यानं, की नर्स धावत आली.

घरी परतायला अजून दोन आठवडे लागले, आणि डोळ्यांचा पिवळेपणा जायला त्याहून जास्त. डॉक्टरबाईंची आज्ञा एकच होती, विचारल्याशिवाय तोंडात काही टाकायचं नाही. बाबू ओसरीवर शाल घेऊन बसायचे, उकडलेल्या भाज्या खायचे आणि फारसं बोलायचे नाहीत. मला वाटलं, अशक्तपणा असेल. एका सकाळी मला हाक मारली.

"सर, माझी पावडर अकरा लोकायजवळ आहे."

मी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. इतके दिवस हा माणूस स्वतःच्या लिव्हरचा विचार करतच नव्हता.

त्यांनी डॉक्टरबाईंना फोन लावला. पावडर काढून घेऊ का? डॉक्टरबाई म्हणाल्या, जे बऱ्याच दिवसांपासून रोज घेत असतील त्यांची एकदम तोडू नका, पावडरीत काय असेल सांगता येत नाही, अचानक सोडली तर तेही धोक्याचं. माणूस आणि पावडर, दोन्ही आधी सरकारी दवाखान्यात आणा, रक्त तपासा. मग सुरू झाली आमची फेरी. मी मोटारसायकल चालवायचो, बाबू मागं गळ्यापर्यंत बटणं लावून.

बोबडे सरांनी डबी आणून दिली, झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. ते ओशाळून म्हणाले, "गावंडे, रागावू नको. तुझा मान म्हणून घेतली, पण खाल्ली नाही." महिन्याभरापूर्वी हे ऐकलं असतं तर बाबूंनी वर्षभर बोलणं टाकलं असतं. त्यांनी सरांना मिठीच मारली. सर घाबरून माझ्याकडं पाहायला लागले. दशरथनं मात्र आपली डबी सासूला देऊन टाकली होती, सासूनं अर्धी विहिणीला. "तुमीच म्हणले होते बाबूजी, चांगली गोष्ट एकट्यानं खाऊ नये." बाबूंनी मुकाट्यानं दोन्ही गावांची नावं लिहून घेतली.

शेवटी रामाकोन्याला, अंजना मावशीकडं गेलो. सत्तरीच्या पुढची बाई, वर्षभर खाटेवर होती, ती आता संत्र्याच्या बागेच्या बांधावरून ताठ चालत आली. चेहरा गोल गरगरीत सुजलेला, पाय थोडे फुगलेले.

"मावशी, ते पावडर घेऊन दवाखान्यात चाल."

"काऊन? मी चालून राहिली ना!"

"तिच्यात औषध मिसळून आहे. माहे डोळे पाह्य, अजून पिवळे आहेत. मरता मरता वाचलो मी."

"तुले नाई मानवलं तं तू नको खाऊ. माहे डोये कुठं पिवये हायेत?" आणि तिनं खालच्या पापण्या ओढून दाखवल्या. थोडे होते.

बाबूंनी नियम सांगितले, लिव्हरचं टेबल सांगितलं, आयसीयू सांगितलं. मावशी डबी पदराला बांधून बसली. मग बाबू तिच्या समोर मातीतच बसले. मी त्यांना शाळेत कधी खाली बसलेलं पाहिलं नव्हतं.

"मावशी, मले काही समजत नव्हतं अन् मी तुले समजदारासारखं देल्लं. चुकलं माह्यं."

मावशीनं पदराची गाठ मुठीत धरली. मग वेगळ्याच आवाजात म्हणाली, "अन् पुन्हा गुडघे धरले तं? वर्षभर मी या भिंतीकडं पाहून काढलं रे. जामसांवलीच्या मारुतीले जाता आलं नाई. आता कुठं दोन शनवार झाले, जाऊन आली. पुन्हा कोन नेईन मले?"

"मी नेईन," बाबू म्हणाले. "दर शनवारी."

"तू? तू तं रजा घेत नाई."

"घेईन."

गावंडे बाबूंनी सव्वीस वर्षांच्या नोकरीत साठवलेल्या रजा त्या वर्षी शनिवारी शनिवारी खर्च झाल्या. पावडर खाणाऱ्यांपैकी दोघांच्या रक्तात दोष निघाला, त्यात मावशी एक. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं तिची पावडर हळूहळू सोडवली, लिव्हर सुधारलं, सूज उतरली. आणि गुडघे पुन्हा धरले. दर शनिवारी गाडीत बसताना ती बाबूंना शिव्या द्यायची, जामसांवलीपर्यंत द्यायची, मारुतीसमोर थोडी थांबायची आणि परतताना पुन्हा सुरू. बाबू एकदाही "तसं नाही" म्हणाले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "तिचा अर्ज बरोबर आहे जी. माझ्याजवळ मंजूर कराले काही नाही, एवढंच."

ते निवृत्त झाले, मावशीचे शनिवार धाकट्या भावाकडं सोपवले आणि सुमननं दोघांना भोपाळला बोलावून घेतलं. तोवर माझी बदली पांढुर्ण्याला झाली होती आणि भोपाळची गाडी तिथूनच मिळायची, म्हणून त्यांना गाडीत बसवून द्यायला मी स्टेशनवर गेलो. सामान लावलं. वहिनींनी खिडकीतून संत्र्यांची पिशवी माझ्या हातात दिली, "घरी ने" म्हणाल्या. बाबूंशी दोन शब्द बोलावे म्हणून मी खिडकीशी सरकलो, तर त्यांचं लक्ष माझ्याकडं नव्हतंच. समोरच्या बाकावरचा एक जाडगेला प्रवासी डोकं धरून बसला होता आणि पाण्याची बाटली उघडत होता.

"थांबा, थांबा. कोणती घेऊन राहिले?" बाबू पुढं झुकले.

"डोकेदुखीची आहे काका, साधी."

"साधी म्हणजे काय? नाव वाचा. मोठं नाव नाही, त्याच्या खालचं बारीक वाचा."

"बारीक दिसत नाही हो."

"मंग मोबाईलचा लाईट लावा. अन् सकाळपासून दुसरं काय काय खाल्लं ते सांगा. विशेष काही नाही म्हणू नका. तसं सगळेच म्हणतात."

गाडी हलली. मी दोन पावलं सोबत चाललो, हात वर केला. वहिनींनी हात हलवला. बाबूंचे दोन्ही हात गुंतलेले होते. एका हातानं त्यांनी त्या माणसाचं मनगट धरून ठेवलं होतं, दुसऱ्या हातातलं गोळ्यांचं पाकीट डोळ्यांजवळ नेलं होतं, आणि वरच्या बर्थवरून आणखी दोन डोकी खाली वाकली होती. एकानं मोबाईलचा उजेड पाडला होता, आणि गावंडे बाबू मोठ्यानं, अक्षर लावून लावून, ते नाव वाचत होते.